कपाटात औषध आहे, पण ते द्यायचा हक्क आहे का? उपकेंद्रावरच्या नर्सताईंसाठी

सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून उपकेंद्रावर जॉईन झालात की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी दारात येऊन म्हणणार, "ताई, एक सुई मारा की, लय दुखतंय." आणि सुई असते हो. कपाटात डायक्लोफिनॅक हे दुखण्याचं इंजेक्शन आहे, सिरिंज आहे, वॉर्डात हजार वेळा टोचलंय, एमओ (वैद्यकीय अधिकारी) तिकडे पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात), समोर म्हातारा माणूस कंबर धरून वाकलेला, मग अडचण कुठाय? अडचण ही की वॉर्डात ते इंजेक्शन कोणीतरी लिहून दिलेलं असायचं आणि इथे कोणीच लिहिलेलं नाही.

मी हे शिकले ते एका आजोबांमुळे. गुडघे दुखायचे त्यांचे, एकदा एमओंनी कॅम्पमध्ये डायक्लो लिहून दिलं होतं, तोच जुना कागद घेऊन ते दर आठ-दहा दिवसांनी यायचे आणि मी द्यायची, कारण कागद आहे ना, डॉक्टरांनीच लिहिलंय ना. बीपीच्या गोळ्या चालू आहेत हे मला माहीत होतं. पण दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून मी विचारच केला नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला पाय सुजलेले दिसले, ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनीला त्रास झालेला. वाचले ते. पण एका दिवसासाठी लिहिलेली ऑर्डर मी महिना-दीड महिना ओढली होती, ही चूक माझीच.

म्हणून नवीन येणाऱ्या प्रत्येकीला मी एकच सवय लावून घ्या म्हणते. गोळ्यांच्या पट्टीला हात लावायच्या आधी मनात विचारायचं, ही गोळी कुणाच्या ऑर्डरवर देतेय मी? उत्तर एका वाक्यात आलं तर द्या, नाही आलं तर हात मागे.

उत्तरं कोणती असू शकतात ते बघू. पहिलं म्हणजे डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, या पेशंटसाठी, या वेळेसाठी. दुसरं म्हणजे सरकारी कार्यक्रमाची लेखी गाईडलाईन, जिच्यात तुमच्या केडरचं, म्हणजे पदाचं, नाव घेऊन हे औषध तुम्ही द्यायचं असं लिहिलंय. तिसरं, इमर्जन्सीत रेफर करण्याआधीचा पहिला डोस, तोही गाईडलाईनमध्ये आहे म्हणूनच. चौथं, ओआरएस, साध्या तापाला पॅरासिटामॉल अशी किरकोळ औषधं, जी तुमच्या कामाच्या यादीतच येतात. या चारात न बसणारं जे काही आहे ते "मला वाटलं म्हणून" मध्ये जातं आणि "मला वाटलं" ला कायद्यात जागा नाही.

आता कायदा नक्की काय म्हणतो ते जरा नीट समजून घ्या, कारण ट्रेनिंगमध्ये हे घाईघाईत उरकतात. उपकेंद्र पातळीच्या यादीत १०५ औषधं आहेत, म्हणून बऱ्याच जणींना वाटतं की यादीत आहे म्हणजे मी लिहू शकते. तसं नाही. यादी सांगते की औषध तिथे ठेवायचं, कोणी सुरू करायचं ते वेगळं. बीपी-शुगरचं उदाहरण घ्या, ॲम्लोडिपिन आणि मेटफॉर्मिन तुमच्या कपाटात असतात, पण उपचार सुरू करायचा एमओंनी आणि तुम्ही दर महिन्याला तपासून गोळ्या पुढे द्यायच्या, डोस वाढवायचा-कमी करायचा तर परत एमओ.

दुसरा गैरसमज लायसन्सचा. औषध विकायला लायसन्स लागतं, मग उपकेंद्रात कसं चालतं? तर औषध नियम १९४५ च्या शेड्यूल के मध्ये सूट दिलीय, त्यातली नोंद २३ म्हणजे तुमच्या-आमच्यासाठीच, पीएचसी-उपकेंद्राच्या नर्स, एएनएम (सहायक परिचारिका), एमपीडब्ल्यू (बहुउद्देशीय कर्मचारी), अंगणवाडी ताई वगैरे सरकारच्या आरोग्य कार्यक्रमात औषध देत असतील तर विक्रीचं लायसन्स लागत नाही. ही सूट औषध वाटायची आहे, रोगनिदान करून प्रिस्क्रिप्शन लिहायची नाही. आणि ती कार्यक्रमाच्या आतच आहे, संध्याकाळी घरी कोणाला स्वतःच्या पिशवीतून अँटिबायोटिक दिलं तर ती सूट तुमच्या मागे उभी राहणार नाही.

तिसरं, एनएमसी कायदा २०१९, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा, त्याचं कलम ३२. याच्यावरून ग्रुपवर फार गोंधळ होतो, "आता आपल्याला प्रिस्क्रिप्शनचा अधिकार आहे" असे मेसेज फिरतात. कलम ३२ मध्ये कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर नावाच्या माणसाला मर्यादित लायसन्स द्यायची तरतूद आहे, तो प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे लिहू शकतो आणि बाकी ठिकाणी डॉक्टरच्या देखरेखीखालीच. पण ते लायसन्स कोणाला तरी नावानं मिळावं लागतं. सीएचओची नेमणूक म्हणजे ते लायसन्स नव्हे. तुमच्या नावाचा कागद हातात नसेल तर तो अधिकार तुमचा नाही, इतकं साधं आहे. आणि त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये नोंदणी नसताना डॉक्टरकी केली तर १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे पण आहे, ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

आणि हे तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा, पण नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी असेल आणि वैद्यकीय प्रक्रिया करताना झालं असेल तर २ वर्षांपर्यंत. आता नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी म्हणजे कोण, तर खाली स्पष्टीकरणात लिहिलंय, एनएमसी कायद्याखालची पदवी आणि मेडिकल रजिस्टरमध्ये नाव असलेला. नर्सचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये असतं. म्हणजे शब्दशः वाचलं तर ती २ वर्षांची सवलत आपल्याला नाही. घाबरवायला सांगत नाहीये, आपल्या ऑर्डरचा कागद आपल्यासाठी डॉक्टरपेक्षाही जास्त महत्त्वाचा आहे हे कळावं म्हणून सांगतेय.

कोर्टांनीही हेच धरलंय. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल, १९९६, मुंबईतलीच केस, होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी तापाच्या पेशंटला ॲलोपॅथीची औषधं दिली, पेशंट दगावला, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की ज्या पद्धतीचं शिक्षण आणि नोंदणी नाही ती वापरणं हाच मुळात निष्काळजीपणा. म्हणजे "मी चांगल्या मनानं दिलं" किंवा "औषध बरोबरच होतं" एवढ्यावर भागत नाही.

इथपर्यंत वाचून काही जणी म्हणतील, मग काहीच देऊ नये, सगळं रेफर करावं, सेफ. नाही! हे तर जास्त वाईट. मला याची जास्त काळजी वाटते, कारण चुकीचं औषध दिलं तर चौकशी होते, पण द्यायला हवं ते दिलं नाही तर रजिस्टरमध्ये फक्त "रेफर केले" एवढंच दिसतं आणि बाई रस्त्यात जाते.

गरोदर बाईला झटके आले, बीपी वाढलेलं, तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोल स्नायूत, आणि मग १०८. हे भारत सरकारच्या एसबीए (बाळंतपणाच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या) गाईडलाईनमध्ये एएनएमला सुद्धा दिलेलं आहे, त्यासाठी एमओंचा फोन लागेपर्यंत थांबायचं नसतं. (डोस तोंडपाठ आहे असं वाटलं तरी भिंतीवरचा चार्ट बघूनच भरा, रात्री दोनला डोकं धोका देतं.) बाळंतपण झाल्यावर रक्तस्राव होऊ नये म्हणून ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, किंवा मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने, हेही तुमचंच काम. नवजात बाळाला जंतुसंसर्गाची लक्षणं आणि घरचे पुढे न्यायलाच तयार नाहीत, तर जेंटामायसिनच्या २०१४ च्या गाईडलाईन आहेत. लसीनंतर ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, झाला तर ॲड्रेनॅलिनचा वयाप्रमाणे एक डोस. पाच वर्षांखालच्या मुलाला खोकला आणि श्वास जोरात, २ महिने ते १ वर्ष असेल तर मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं असेल तर ४० किंवा जास्त, तर तो न्यूमोनिया धरून ॲमॉक्सिसिलिन, आयएमएनसीआय या बालआजारांच्या सरकारी गाईडलाईनप्रमाणे.

आणि आता तीच औषधं दुसऱ्या बाजूनं बघा. त्याच ॲमॉक्सिसिलिनची बाटली, मूल खेळतंय, नाक वाहतंय, श्वास ३० आहे, आई म्हणते मागच्या वेळी हेच औषध दिलं होतं. द्यायचं नाही. गाईडलाईनची परवानगी श्वास मोजण्यासकट आहे, तुम्ही घड्याळ धरून मोजलंच नाही तर तुमच्याकडे परवानगीच नाही. ऑक्सिटोसिनचंही तेच, बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून दिलं तर जीव वाचवणारं, आणि कळा वाढाव्यात म्हणून बाळंतपणाआधी उपकेंद्रात टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं. ॲम्पूल तेच असतं, पण अधिकार वेळेला आणि कारणाला जोडलेला असतो.

मिसोप्रोस्टॉलबद्दल तर हात जोडून सांगते, कारण हीच गोळी गर्भपातालाही वापरतात. "ताई, दिवस गेलेत, गोळी द्या ना, कोणाला कळणार नाही", हे येणारच. एमटीपी कायद्यात, म्हणजे गर्भपाताच्या कायद्यात, गर्भपात फक्त पात्र नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायचा, बाकी कोणी केला तर २ ते ७ वर्षं सक्तमजुरी. पण "इथे नाही मिळत, जा" म्हणून तिला हाकललंत तर ती मेडिकलमधून कुठलंतरी किट घेणार आणि आठवड्यानं रक्तात न्हाऊन तुमच्याकडेच येणार. तिला बसवा, पाळीची तारीख विचारा, आठवडे मोजा, सांगा की २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर होतं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक बायकांना २४ आठवड्यांपर्यंतही, दोन डॉक्टरांच्या मतानं, आणि १८ पूर्ण असेल तर फक्त तिची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. हे शेवटचं वाक्य सांगितल्यावर काही बायकांचा चेहरा कसा बदलतो ते मी बघितलंय. मान्यताप्राप्त सेंटरला फोन करून नाव नोंदवून द्या. हे नर्सिंगच आहे.

फोनवरची ऑर्डर कशी घ्यायची

रोजच्या कामात नव्वद टक्के प्रसंग यातच येतात, म्हणून जरा सविस्तर. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाईन सल्लासेवेवरून डॉक्टर मिळाले तर सगळ्यात बरं, टेलिमेडिसिनच्या मार्च २०२० च्या गाईडलाईनमध्ये आरोग्य कर्मचारी पेशंटच्या वतीने डॉक्टरशी बोलतो ही पद्धत धरलेलीच आहे, प्रिस्क्रिप्शन डॉक्टरांच्या नावानं येतं, ते प्रिंट किंवा सेव्ह करा, पेशंटच्या हातात द्या. शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणातली) आणि नार्कोटिक्सची (अमली) औषधं त्यावरून लिहिता येत नाहीत, कोणी लिहिली तरी देऊ नका.

नेट नसलं की मग एमओंना साधा फोन. इथे घोळ होतो. आपण म्हणतो, "सर, एक पेशंट आहे, पोट दुखतंय," सर गडबडीत, "बरं, दे काहीतरी." ही ऑर्डर नाही. आधी तुम्ही नीट सांगा, वय, बाई असेल तर पाळीची तारीख, बीपी, नाडी, ताप, चालू औषधं, ॲलर्जी. मग त्यांच्या तोंडून औषधाचं नाव, डोस, कसं द्यायचं, किती वेळा, हे काढून घ्या, आणि परत वाचून दाखवा. सर वैतागतात कधी कधी. वैतागू दे. मग लगेच रजिस्टरमध्ये, असं:

"रात्री ९.४०. पुरुष, वय ५२. बीपी १८४/११२, डोकं दुखणे, छातीत दुखणे नाही, हातापायात जोर आहे. ९.४५ ला एमओंना फोन, सर्व सांगितले. सांगितलेली ऑर्डर (इथे औषधाचं नाव, डोस, कसं, किती वेळा) परत वाचून दाखवली. ऑर्डरप्रमाणे गोळी ९.५० ला दिली. पीएचसीला रेफर, १०८ ला कॉल ९.५२." आणि खाली तुमचं पूर्ण नाव, सही. दुसऱ्या दिवशी एमओंची सही घ्या, पुढच्या महिन्याच्या मीटिंगला नको. व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, पण पेशंटचा फोटो आणि नाव ग्रुपवर टाकू नका, पर्सनल नंबरवरच.

कोरी सही केलेली प्रिस्क्रिप्शनं उपकेंद्रात ठेवून जायची पद्धत काही ठिकाणी आहे, "तुमच्या सोयीसाठी" म्हणून. घेऊ नका. बिघडलं की सही त्यांची, अक्षर तुमचं, आणि त्या वेळी डॉक्टर तिथे नव्हते हे गावाला माहीत. नम्रपणे म्हणा, "सर, त्यापेक्षा स्टँडिंग ऑर्डर लेखी करून द्या." कोणत्या लक्षणाला, कोणत्या वयाला, काय नसेल तर, कोणतं औषध, किती, आणि कधी फोन करायचा, हे एका कागदावर, तारीख आणि सहीसकट. मोठ्या हॉस्पिटलमध्ये क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स करून, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा २ वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स, ज्या काम करतात त्यांनाही हेच लागू, डिग्रीनं ज्ञान आलं, औषध बदलायचा अधिकार मात्र त्या संस्थेच्या लेखी प्रोटोकॉलमधूनच येतो. माझी एक बॅचमेट इंग्लंडमध्ये आहे, तिकडे वेगळा प्रिस्क्रायबिंगचा कोर्स करून रजिस्टरमध्ये तशी नोंद झाली की नर्स स्वतः औषधं लिहिते. इकडे सुट्टीला आली की ती सुद्धा नातेवाइकांना काही लिहून देत नाही, कारण ती नोंद तिकडची आहे.

संमती, आणि नकार

संमती म्हणजे अंगठा नाही. समीरा कोहली केस, २००८, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पेशंटला काय करणार, का, धोका काय, दुसरा पर्याय काय हे कळलं पाहिजे, आणि एका गोष्टीची संमती म्हणजे दुसरीची नाही. आपल्याकडे सासू उत्तर देते आणि सून मान खाली घालून बसते. मी सासूला चहा करायला आशाताईंबरोबर बाहेर पाठवते आणि मग विचारते. तांबी बसवायची की नाही हे दोन मिनिटांत खरं कळतं.

आणि पेशंट नाही म्हणाला तर? शुद्धीवर असलेल्या, समजणाऱ्या प्रौढ माणसाला नकाराचा हक्क आहे. ओरडू नका, "मग माझी जबाबदारी नाही" म्हणू नका. काय होऊ शकतं ते त्याच्या भाषेत सांगा, का नको ते विचारा, बऱ्याचदा कारण गाडीभाड्याचं निघतं आणि ते सोडवता येतं. तरी नको म्हणाला तर सांगितलेलं सगळं लिहा, सही घ्या, आणि दुसऱ्या दिवशी आशाताईंना घरी पाठवा.

सगळ्यात अवघड

ते म्हणजे १७ वर्षांची गरोदर मुलगी, गळ्यात मंगळसूत्र. पॉक्सो, म्हणजे १८ खालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला माहिती आहे त्यानं पोलिसांना कळवायचं, नाही कळवलं तर कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि लग्न झालंय हे कारण चालत नाही, २०१७ मध्येच सुप्रीम कोर्टानं १८ खालच्या बायकोबाबत ते स्पष्ट केलंय. मग होतं काय, रजिस्टरवर वय १९ लिहिलं जातं. मला कळतं ते का लिहिलं जातं. पोलीस आले की ती मुलगी पुढच्या तपासणीला येणार नाही, घरीच बाळंत होईल, ही भीती खोटी नाहीये. पण १९ लिहिलं की तिचं जोखमीचं बाळंतपण कागदावर साधं होतं, आणि खोटी नोंद तुमच्या नावावर राहते.

मी काय करते ते सांगते. आधी तपासणी, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताच्या टीटी लसीऐवजी आता टीडी, सगळं त्याच दिवशी, कारण कायदा उपचार थांबवायला सांगत नाही. मग तिच्याशी एकटीशी बोलते, जबरदस्ती झाली का, घरी मारतात का, आणि मला हे कळवावं लागणार आहे हे तिला आधीच सांगते, तिच्या पाठीमागून करत नाही. एमओंना लेखी देते, आणि पोलिसांपर्यंत माहिती गेली का हे दोन दिवसांत परत विचारते, कारण कलमात "एमओंना सांगितलं की सुटलात" असं कुठेही नाही. गर्भपात हवा असेल तर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं एवढी मोकळीक दिलीय की मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना माहिती देताना तिची ओळख उघड करायची गरज नाही, हे तिच्या आईला सांगते, बऱ्याच जणी तेवढ्यासाठी लपवत असतात. तरीही प्रत्येक वेळी मी रात्री झोपत नाही.

चूक झालीच तर

आधी पेशंट सांभाळा. मग एमओंना सांगा, लगेच, तुम्हीच, दुसऱ्याकडून कळायच्या आत. रजिस्टरमध्ये व्हाईटनर नाही, पान फाडणं नाही, मागच्या तारखेनं भर घालणं नाही. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर नोंद, आजची तारीख, वेळ, सही. ई-औषधी या ऑनलाईन साठा-नोंदीतला साठा आणि रजिस्टर जुळतं का तेही बघा, चौकशीत पहिल्यांदा तेच जुळवतात. जेकब मॅथ्यू केसमध्ये, २००५, कोर्टानं सांगितलंय की प्रत्येक चूक म्हणजे गुन्हा नव्हे, फौजदारीसाठी निष्काळजीपणा फार मोठा असावा लागतो. पण मागून बदललेली नोंद असेल तर मग साधी चूक पण लपवाछपवी दिसते.

आणि घरच्यांना खरं सांगा. आजोबांच्या वेळी मी त्यांच्या मुलाला सांगितलं होतं की हे इंजेक्शन मी परत परत द्यायला नको होतं. हात थरथरत होते माझे. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आता काय करायचं ते सांगा." ग्रामीण रुग्णालयाचा कागद, फॉलोअपची तारीख, कोणत्या गोळ्या बंद, सगळं मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

आजोबा अजून येतात. अजूनही सुईच मागतात. मी बीपी बघते, घोट्यावर बोट दाबून सूज बघते, आणि त्यांच्यासमोरच स्पीकरवर एमओंना फोन लावते.